‘बनगरवाडी’ची वही कशी भरते

मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलांच्या हातात व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पडते, तेव्हा तिच्याबद्दलचं मत बहुधा आधीच ठरलेलं असतं: छोटी आहे, सोपी आहे, धनगरांच्या जीवनाचं चित्रण आहे. 1955 साली पुस्तकरूपानं आलेली ही कादंबरी छोटी आहे हे खरं. दोन बैठकींत संपते. सोपीही वाटते. पण तिच्या शेवटी अख्खं गाव उठून जातं. मेंढरं मेलेली असतात, शाळेत पोरं नसतात आणि मास्तर आपलं सामान उचलून वाटेला लागतो. मराठीत याहून उदास शेवट थोडेच असतील. तरीही उदास कादंबऱ्यांची नावं घ्यायला सांगा, पोरं ‘कोसला’ म्हणतील, ‘रणांगण’ म्हणतील, ‘बनगरवाडी’ म्हणणार नाहीत. एवढा काळोख पानांवर असून तो डोळ्यांत का खुपत नाही, याचं उत्तर कादंबरीच्या भाषेत आहे. ते शोधायला नीट भरलेली वही लागते.

अशी एक वही माझ्यासमोर आहे. ती सोलापुरातल्या भवानी पेठेत, घोंगडे वस्तीच्या अंगाला राहणाऱ्या एका विद्यार्थिनीची. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड आणि दखनी, कॉलेजात मराठी. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. पूर्व सोलापुरातली शेकडो घरं अशीच आहेत. हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणलेल्या पुस्तकावर पेन्सिल चालवता येत नाही, म्हणून तिला प्रत्येक गोष्ट वहीत उतरवावी लागली. माझ्या मते हा फायदाच. स्वतःच्या प्रतीत आपण भराभर रेघा मारतो, आणि रेघ मारली की वाचल्यासारखं वाटतं. वहीत लिहायचं तर ‘हे का घेतलं’ याचं उत्तर स्वतःला द्यावं लागतं.

पहिलं वाचन वहीशिवाय. गोष्ट अशी: औंध संस्थानातला राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा कोवळा मास्तर बनगरवाडीच्या शाळेवर नेमला जातो. वस्ती धनगरांची, घरं मोजकी, पोरं दिवसभर मेंढरांमागं. म्हातारा कारभारी, त्याची मुलगी अंजी, हाताला लागेल ते उचलणारा पण मनानं निर्मळ आनंदा रामोशी, मास्तराला पाण्यात बघणारा दादू बालट्या, आयबू, शेकू. हळूहळू शाळा भरू लागते, मास्तर गावचा होतो, गाव मिळून तालीम बांधतं, तिच्या उद्घाटनाला खुद्द राजा येतो. मग पाऊस दगा देतो.

पुस्तक मिटल्यावर, पुन्हा न उघडता, आठवतील ते प्रसंग लिहायचे. क्रम चुकला तरी चालेल. या मुलीच्या यादीत सगळ्यात वर आहे शेकूची बायको, जी बैलाच्या जागी स्वतःला औताला जुंपते. खाली तालीम, अंजीच्या चोळीवरून उठलेला प्रवाद आणि रिकामी शाळा. दुष्काळातला एकही वेगळा प्रसंग यादीत नाही. ‘शेवटी दुष्काळ’ एवढंच आहे. ही यादी जपून ठेवायची, कारण पुढं तीच विचारायला लावते की अख्ख्या गावाला गिळणारा दुष्काळ आठवणीत एका शब्दाएवढाच का उरला.

दुसऱ्या वाचनाला वही उघडायची. पहिलं पान कानाचं. कोण बोलतं, कोणाशी बोलतं, कोणत्या मराठीत बोलतं, एवढंच टिपायचं. अर्थाच्या मागं लागायचं नाही. यासाठी संवाद मोठ्यानं वाचणं भाग आहे. माणदेशी बोलीत ‘नाही’चं ‘न्हाई’ होतं, ‘होय’चं ‘व्हय’, ‘कुठं’चं ‘कुटं’, आणि ‘पाणी’ ‘पानी’ होऊन येतं. माडगूळकर या खुणा बेतानं पेरतात, नाहीतर पान वाचवेना. बोलीचा खरा भार ते वाक्याच्या घडणीवर टाकतात. शब्द कुठं थांबतो, क्रियापद कधी येतं, म्हातारा माणूस नकार देताना किती आडवळणानं देतो, हे डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतं. ‘काय करायलास बे’ म्हणत वाढलेल्या सोलापुरी पोरांना एक सोय आहे. छापील मराठी ही अनेकांतली एक मराठी आहे, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आमच्या या मुलीनं संवाद विड्या वळणाऱ्या आईला वाचून दाखवले. आईला मराठी बेताचं येतं, पण कोण मोठा, कोण मिंधा, कोण चेष्टा करतोय हे तिनं नुसत्या चालीवरून ओळखलं. कानाच्या पानावर त्या बैठकीतून आलेल्या नोंदी मला सगळ्यात मोलाच्या वाटतात.

कानाचं पान भरत आलं की एक गोष्ट वर येते. संवाद बोलीत आहेत, निवेदन प्रमाण मराठीत. यावर गाइडमध्ये ठरलेलं वाक्य असतं: बोलीमुळे कादंबरीला वास्तवता आली. चूक नाही, पण या वाक्यातून काही हाताला लागत नाही. वहीत तिथं प्रश्न लिहायचा: निवेदकाची मराठी वेगळी का? राजाराम काही पुण्या-मुंबईहून उतरलेला नाही. तो त्याच मुलखातला, चालत येण्याच्या अंतरावरचा. त्याला गावकऱ्यांचं बोलणं अडत नाही, त्यांना त्याचं अडत नाही. त्याच्या आणि कारभाऱ्याच्या भाषेमध्ये अंतर पडलंय ते शाळेमुळे. तो शिकला, परीक्षा पास झाला, संस्थानाच्या नोकरीला लागला. छापील मराठी ही त्याच्या पगाराची भाषा आहे.

इथून दुसरं पान सुरू होतं, त्याला तिनं ‘मास्तर भाषेनं काय काय करतो’ असं नाव दिलंय. शिकवतो हे तर झालंच. पण गाव त्याच्याकडे येतं ते पत्रासाठी, अर्जासाठी, तालुक्याच्या गावी अडलेल्या कामासाठी. मेंढपाळाची अडचण बोलीत सांगितली जाते आणि मास्तराच्या हातून कागदाच्या भाषेत उतरते. मग लक्षात येतं की आपण वाचतो ती कादंबरीही याच रीतीनं झाली आहे. बनगरवाडीनं जे भोगलं ते मास्तरानं कागदाच्या भाषेत उतरवलं आणि ते आपल्यापर्यंत पोचलं. गावातलं दुसरं कुणी ते पोचवू शकलं नसतं. त्याच्याबद्दल जिव्हाळा वाटतो, तो वाटावाच. पण गाव आपल्याला त्याच्याच डोळ्यांनी दिसतं, ही नोंद हवी. अंजीच्या चोळीच्या प्रकरणात हे अंतर उघडं पडतं. एका साध्या उपकाराचा गावात भलता अर्थ लागतो आणि सगळ्यांचे कागद लिहिणाऱ्या माणसाला स्वतःची बाजू मांडायला शब्द सापडत नाहीत.

आता शेकू. या एका प्रसंगावर वहीची चार पानं खर्ची पडली तरी हरकत नाही. प्रसंग थोडक्यात असा की शेकूच्या औताला बैलाची जोडी पुरी होत नाही, उसना बैल मिळत नाही, आणि त्याची बायको एका बाजूच्या जुवाखाली स्वतः उभी राहते. परीक्षेच्या उत्तरात याचं होतं ‘भारतीय स्त्रीच्या त्यागाचं दर्शन’. तसं लिहिण्याआधी शेतीचा हिशेब समजून घ्यावा लागतो. माणदेशाची बरीचशी जमीन हलकी, मुरमाड. पाऊस पडून गेला की जमीन ना चिखल ना कोरडी अशी काही दिवस राहते. त्याला वाफसा म्हणतात, आपल्याकडे घात आली असंही म्हणतात. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते, हलक्या जमिनीतून ती बघता बघता उडून जाते. त्या दिवसांत औत फिरलं, पेर पडली, तर वर्षाचं धान्य. नाही तर नाही. शेजाऱ्यालाही तेच दिवस, म्हणून शेजारी बैल देत नाही. तो दुष्ट नसतो, त्याचंही औत उभं असतं. एकच बैल असलेल्या माणसाला एरवी आठ दिवस थांबता येतं, घातीत येत नाही. शेकूची बायको जुवाला खांदा देते तेव्हा तिच्यापुढं त्यागाचा प्रश्न नसतो, तारखेचा असतो.

हा हिशेब वहीत मांडला की प्रसंग पुन्हा वाचायचा आणि निवेदकानं काय काय सांगितलं नाही ते टिपायचं. वाईट वाटणं ही वाचकाची जबाबदारी म्हणून तिथं सोडून दिलेली आहे. हा प्रसंग समाजाबद्दल काय सांगतो, याचं भाषण नाही. जे झालं ते झालं तसं सांगून मजकूर पुढं सरकतो, जसा एरवी मेंढरांबद्दल, पोरांबद्दल, वाटेवरच्या झाडाबद्दल सरकतो. माडगूळकर चित्रकार होते, रेखाटनं करायचे. ज्याला चार रेषांत माणूस उभा करता येतो तो पाचवी रेष का टाळतो, हे कळायला या चार पानांसारखी दुसरी जागा नाही.

यानंतर एक छोटा प्रयोग. कादंबरीच्या सुरुवातीचं, गाव नुकतं ओळखीचं होतंय अशा भागातलं एक पान घ्यायचं. दुसरं शेवटचं, गाव मोडतंय तिथलं. दोन्ही वहीत हातानं उतरवायची. मग प्रत्येक विशेषणाखाली रेघ, प्रत्येक क्रियापदाभोवती गोल. वाक्यं किती लांबीची आहेत ते नुसतं बघायचं. ही कामगिरी कंटाळवाणी आहे आणि तिला पर्याय नाही. प्रयोगाच्या आधी बहुतेकांचा अंदाज असतो की दुष्काळाची पानं गडद शब्दांनी भरलेली असतील. उतरवून झाल्यावर दिसतं ते उलटं. वाक्यं तशीच आखूड. विशेषणं तशीच मोजकी. सुखाच्या दिवसांत ज्या आवाजात गाव सांगितलं, त्याच आवाजात त्याचं मोडणं सांगितलंय. प्रसंग बदलले, भाषेनं आपली चाल सोडली नाही. यादीत दुष्काळ एका शब्दाएवढा उरला त्याचं कारण हे. त्याला वेगळा आवाजच दिलेला नाही, त्यामुळे तो आठवणीत वेगळा बसत नाही. तो एक दिवस उगवत नाही, रोजच्या दिवसांतूनच येतो. मेंढपाळाच्या गावात दुष्काळ असाच येतो.

मेंढपाळांचा दुष्काळ शेतकऱ्यांच्या दुष्काळाहून जरा निराळा, आणि ते समजल्याशिवाय शेवटची पानं नीट लागत नाहीत. पाऊस ओढ देतो तेव्हा आधी गवत जातं. मेंढी वाळते, दूध आटतं, कोकरं तग धरत नाहीत. धनगर चार मेंढरं विकून धान्य आणायला बघतो, पण त्याच वेळी सगळा मुलूख मेंढरं विकायला निघालेला असतो. मेंढराचा भाव पडतो, धान्याचा चढतो. कळप डोळ्यांसमोर असून माणूस उपाशी. अमर्त्य सेन यांनी ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ (1981) या पुस्तकात इथिओपियातल्या पशुपालकांबद्दल हेच मांडलं: दुष्काळात जनावर मरतं ही एक मार, आणि उरलेल्या जनावराच्या बदल्यात धान्य मिळत नाही ही त्याहून मोठी मार. माडगूळकरांनी हे सेनच्या सव्वीस वर्षं आधी, एकही आकडा न देता, गोष्टीत आणलं. कळप संपला की धनगराला गावात धरून ठेवणारं काही राहत नाही. विहीर, बांध, घर यांनी शेतकरी अडकतो. धनगराचं घर त्याच्या मेंढरांमागं चालतं. म्हणून बनगरवाडी एका रात्रीत उठत नाही, एकेक घर करून विरते.

आता आशयाबद्दल एक वाक्य लिहायचं. इथं सगळ्यांची गाडी अडते, कारण तयार वाक्यं वाट बघत असतात. दारिद्र्य, अज्ञान, निसर्गापुढे माणसाची हतबलता. या मुलीनंही पहिल्यांदा ‘निसर्गापुढे माणूस हरतो’ असं लिहिलं आणि खाली स्वतःच विचारलं: मास्तर कुठं हरला? हा प्रश्न सापडला आणि वही उलगडली. दुष्काळ पडतो तेव्हा राजारामही तिथंच आहे, त्याच आभाळाखाली. पण त्याला पगार आहे. शाळा बंद पडली तरी त्याची नोकरी संस्थानात आहे, आणि जाण्याचा त्याचा रस्ता सरकारी कागदानं मोकळा होतो. बाकीचे जगायला जातात, तो बदलीवर जातो. दोन्ही जाणीच, पण एकात परतीची काही खूण नाही.

आणि मग कानाचं पान पुन्हा उघडावं लागतं. कोणाची भाषा प्रमाण आहे? ज्याला सुखरूप निघता येतं त्याची. कोण बोलीत बोलतं? ज्यांना निघावं लागतं ते सगळे. कादंबरीत हे कुठं लिहिलेलं नाही. ते भाषेच्या मांडणीतच आहे, संवाद एका मराठीत आणि निवेदन दुसऱ्या मराठीत ठेवल्यामुळे. वहीत भाषेसाठी एक भाग आणि आशयासाठी दुसरा भाग पाडण्याची पद्धत इथं गळून पडते. तिनं शेवटी लिहिलेलं वाक्य असं: ‘ज्याच्याकडे कागदाची भाषा आहे तो गावाची गोष्ट घेऊन बाहेर पडतो, ज्यांची गोष्ट आहे ते नुसते बाहेर पडतात.’ तृतीय वर्षाच्या उत्तरपत्रिकेत मी असं वाक्य क्वचित पाहिलंय.

असं चांगलं वाक्य हाताला लागलं की लगेच त्याच्या विरुद्धचा पुरावा शोधायचा. नाहीतर सगळी कादंबरी त्या वाक्यात कोंबण्याचा मोह होतो. ‘बनगरवाडी’त विरुद्ध पुरावा भरपूर. कारभाऱ्याला अक्षर येत नसेल, पण गावात त्याच्या शब्दाला जे वजन आहे ते मास्तराच्या कागदाला सुरुवातीला मुळीच नाही. कारभारी पाठीशी उभा राहिला म्हणून शाळेला पोरं मिळतात. आनंदा रामोशाचं बोलणं कुणाला मिंधं नाही. आणि तालीम! दगड-माती वाहून, हातानं, मिळून ती वास्तू उभी केली, तो कादंबरीतला सगळ्यात आनंदाचा काळ आहे. ती पानं वाचताना हसू येतं, आणि यायला हवं. काळोखी कादंबरी म्हणजे पानोपानी काळोख, ही समजूत इथं मोडते. मात्र त्याच पानाच्या समासात एक टीप हवी: माणसं गेल्यावर तालीम तिथंच राहते. कुणी शत्रू ती पाडत नाही. दादू बालट्याच्या द्वेषानं जे साधलं नसतं ते कोरड्या आभाळानं साधलं, आणि आभाळावर राग धरता येत नाही. कादंबरी कुणावरही दोष टाकत नाही, ही तिची ताकद की पळवाट, यावर मी वर्गात दोन्ही बाजूंनी भांडण लावून देतो. माझा कौल ताकदीकडे, पण थोडा कुरकुरत.

पार्श्वभूमी वाचायची ती इथं, आधी नाही. आधी वाचली की कादंबरी तिचं उदाहरण होऊन बसते. माडगूळकरांचा जन्म 1927चा, माडगूळचा. आटपाडीजवळचं हे गाव तेव्हा औंध संस्थानात होतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. खेड्यात तालीम उभी राहते आणि राजा हौसेनं येतो, हे कादंबरीत ओढूनताणून आणलेलं नाही. याच संस्थानानं 1939 साली गांधीजींच्या सल्ल्यानं गावांच्या हाती कारभार देणारी घटना स्वीकारली, आणि आटपाडीजवळच स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत उभी केली. त्या वसाहतीवरून सुचलेला ‘दो आँखें बारह हाथ’ 1957 साली पडद्यावर आला, आणि त्याचं लेखन व्यंकटेशरावांचे थोरले भाऊ गदिमा यांचं. म्हणजे राजा वाईट नव्हता, कारभार जुलमी नव्हता, शाळा होती, मास्तर मनापासून काम करणारा होता. चांगलं राज्य असूनही गाव गेलं. हा संदर्भ आला की शेवट आणखी जड होतो. 1948 साली औंध भारतात विलीन झालं. कादंबरी लिहिली गेली तेव्हा ते राज्यही बनगरवाडीसारखंच इतिहासजमा झालेलं होतं.

आपल्याला हा मुलूख परका नाही. माण नदी सातारा जिल्ह्यात उगम पावते आणि सांगोल्यावरून येऊन सोलापूर जिल्ह्यातच भीमेला मिळते. सोलापूर हे शहर तर दुष्काळानं उठवलेल्या गावांचं साक्षीदार आहे. 1876-77च्या दुष्काळानं दख्खनची गावं मोडली, आणि 1877 साली इथं जुनी गिरणी सुरू झाली. पोट भरायला निघालेल्या माणसांना शहरात हाताला काम मिळू लागलं. तेलंगणातून आलेले विणकरही असेच मागामागं स्थिरावले. बनगरवाडीतून उठलेलं माणूस कुठं गेलं असेल, असा प्रश्न वहीत आला तर त्याचं उत्तर कादंबरीत नाही. पण भवानी पेठेत बसून तो प्रश्न विचारणं अगदी स्वाभाविक आहे, आणि उत्तरपत्रिकेत तो लिहू नये असं मला तरी वाटत नाही. परीक्षकाला काय वाटेल ते परीक्षक जाणे.

अमोल पालेकरांचा 1995चा चित्रपट बघायचा असेल तर दुसऱ्या वाचनानंतरच. त्याची पटकथा माडगूळकरांचीच, चित्रपट चांगला आहे. मात्र पडद्यावर माणसं बोलतात आणि आपण बघतो. मास्तराच्या छापील मराठीतून गाव गाळून येण्याचा जो अनुभव पुस्तकात आहे तो तिथं पातळ होतो. आधी चित्रपट पाहिलेल्या मुलांच्या वह्यांत कानाचं पान हमखास अपुरं असतं.

तुलनेसाठी एखादं पान ठेवावं, जास्त नको. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (1971) मळ्यावरचा गडी स्वतःच, स्वतःच्या बोलीत, सगळी गोष्ट सांगतो. ट्रॅक्टर येतो आणि ज्या जनावरांना तो आपला गोतावळा मानतो ती विकली जातात. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’त (1971) सांगणारी बाई आहे आणि बोली मराठवाड्याची. या दोन्हींत मधला लिहिणारा मास्तर नाही. ‘बनगरवाडी’ नंतर त्या वाचल्या की सोळा वर्षांत मराठी कादंबरीनं सांगण्याचं काम कुणाच्या हाती दिलं ते स्वच्छ दिसतं. ‘बनगरवाडी’ त्यामुळे कमी ठरत नाही. उलट ती त्या अंतराबद्दल प्रामाणिक आहे. मास्तर आपण धनगर असल्याचं सोंग घेत नाही.

वहीतून उत्तर लिहिताना क्रम उलटा करायचा. वाचताना कानापासून आशयाकडे गेलो. लिहिताना आशयाचं वाक्य आधी, मग शेकूच्या बायकोचा एकच प्रसंग सविस्तर, मग दोन पानांच्या प्रयोगातून दिसलेली भाषेची चाल, मग तालमीचा उलटा पुरावा. औंध संस्थान चार ओळींत. पात्रांची ओळख करून देण्यात पहिलं पान घालवायचं नाही. परीक्षकानं कादंबरी वाचलेली असते.

या वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या पुस्तकाचं नाव आहे: ‘बळी’. विभावरी शिरूरकर या नावानं मालतीबाई बेडेकरांनी लिहिलेली ही कादंबरी 1950 साली आली. तिच्यामागं सोलापूरच आहे. 1871च्या कायद्यानं इंग्रजांनी काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांना तारेच्या कुंपणाआड वसवलं. हा कायदा देशभरातून जायला 1952 उजाडलं. सोलापुरातल्या त्या वसाहतीत मालतीबाईंनी 1930च्या दशकाच्या अखेरीस सरकारी अधिकारी म्हणून काम केलं होतं, आणि शहरातला तो भाग आजही सेटलमेंट याच नावानं ओळखला जातो. म्हणजे इथंही लिहिणारी व्यक्ती पगारावर आलेली, कागदाची भाषा असलेली, आणि संध्याकाळी फाटकातून बाहेर जाऊ शकणारी. मुलीनं पानावर तीन प्रश्न लिहून ठेवलेत. कुंपणाच्या आत कोण कोणत्या मराठीत बोलतं? लेखिका स्वतःला गोष्टीत कुठं उभी करते? फाटक कुणासाठी उघडतं, आणि कोणत्या कागदावर? पुस्तक वाचनालयात मागून ठेवलंय. आधीच्या वाचकानं परत केलं की मिळेल.